गाडी लागणें, भोंवळ येणें आणि गोळी घेणें

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पाचें नांव इंग्रजी भाषेंत एका चमत्कारिक वाटेनें शिरलें आहे. ब्रिटिश अमदानींत येथें गोऱ्या पलटणींचा मोठा तळ होता. हिंदुस्थानांतील नोकरीची मुदत संपलेले शिपाई विलायतेस परतण्यापूर्वीं येथें आणून ठेवले जात. फौजेच्या आगबोटी मुंबईहून साधारणपणें नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळांत सुटत. हंगाम संपल्यावर आलेल्या शिपायास मग महिनेच्या महिने येथें वाट पाहत बसावें लागे. रिकामपण, उन्हाळा आणि आजारपण यांनीं कित्येकांचीं डोकीं फिरत. त्यावरून डोकें फिरलेल्या माणसास इंग्रजींत ‘डूलाली’ म्हणण्याचा प्रघात पडला. आणि त्याच्या जोडीला येणारा ‘टॅप’ हा शब्द मराठी माणसास ओळखीचा असलेला ‘ताप’च होय, असें कोशकार मानतात.

डोकें फिरण्याचा दुसराहि एक अर्थ आहे, आणि तो वेडाहून अगदीं निराळा आहे. देवळालीच्या त्या शिपायास अखेर बोट मिळाली, म्हणजे त्याला ती बोट ‘लागत’ असे. मराठी भाषेनें येथें नेमका शब्द योजिला आहे. ऊन लागतें, दृष्ट लागते, तशीच बोट लागते आणि गाडी लागते. दोष पोटाचा नसून प्रवासाचा आहे, हें या एका क्रियापदांत येऊन जातें. आजचा देवळालीकर बोटीनें फारसा जात नाहीं; पण मुंबईपर्यंतच्या सुमारें १८० किलोमीटरांत त्याला थळ घाट ओलांडावा लागतो. कसारा ते इगतपुरी हा आगगाडीचा घाटमार्ग १८६५ सालीं खुला झाला, आणि त्याचा चढ सदतिसांत एक इतका उभा आहे. आगगाडींत हा घाट सुखाचा जातो. मोटारीच्या मागच्या बैठकीवर बसलेल्या मुलास मात्र कसाऱ्याचीं वळणें सुरू होतांच तोंडाला पाणी सुटूं लागतें, चेहरा पांढरा पडतो, आणि पिशवी शोधण्याची धांदल उडते. समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा टप्पा २०२५ सालीं खुला झाल्यावर लांब बोगद्यांतून हीं वळणें टाळतां येऊं लागलीं. तरी सापुतारा, महाबळेश्वर, आंबोली येथील वळणें आहेतच.

अशा प्रसंगासाठीं बहुतेक घरांत औषधांच्या डब्यांत एक पिवळी किंवा पांढरी गोळी पडलेली असते. कोणी तरी पूर्वीं आणलेली, कोणाला तरी लागू पडलेली. तीच गोळी प्रवासास निघतांना मुलास दिली जाते, आजोबांस भोंवळ आली म्हणजे त्यांनाहि दिली जाते, आणि गाडी चालविणाराहि ‘असूं द्यावी बरोबर’ म्हणून एक तोंडांत टाकतो. एकच गोळी, तीन माणसें आणि तीन निरनिराळे धोके! ते कसे उत्पन्न होतात हें समजण्यास प्रथम ही गोळी शरीरांत काय करते तें पाहिलें पाहिजे.

मनुष्याच्या कानाचें काम केवळ ऐकण्याचें नाहीं. कानाच्या अगदीं आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांत द्रव भरलेला असतो. मान वळली कीं तो द्रव मागें रेंगाळतो, आणि डोकें कोणत्या दिशेस वळलें याची वर्दी मेंदूस पोंचते. त्यांच्या शेजारीं दोन इवल्याशा पिशव्या असतात; त्यांतील चुन्याच्या सूक्ष्म कणांमुळें वर-खालीं आणि पुढें-मागें होणारी हालचाल कळते. या वर्दीच्या जोडीला डोळ्यांची एक वर्दी आणि स्नायु व सांधे यांची एक वर्दी अशा आणखी दोन येत असतात. एरव्हीं तिन्हींचें एकमत असतें. पण मोटारींत खालीं मान घालून पुस्तक किंवा मोबाइल वाचणाऱ्या मुलाचे डोळे सांगतात कीं सर्व कांहीं स्थिर आहे, आणि कान सांगतो कीं गाडी वळत आहे, हेलकावत आहे. तीन जासुदांनीं एकाच कचेरींत तीन निराळ्या बातम्या आणाव्या, म्हणजे तेथें जो गोंधळ उडतो तोच मेंदूंत उडतो, आणि त्याचें पर्यवसान मळमळ व ओकारी यांत होतें. ज्यांच्या दोन्ही कानांतील हें तोल सांभाळणारें इंद्रिय पूर्णपणें निकामी झालेलें असतें त्यांना बोट लागत नाहीं, ही गोष्ट या उपपत्तीस मोठा आधार देते.

गाडी लागण्यावरचीं बहुतेक औषधें पोटावर नव्हे, तर मेंदूंतील या कचेरीवर चालतात. तेथें एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारीं जीं द्रव्यें आहेत, त्यांपैकीं हिस्टामीन आणि ॲसिटिलकोलीन या दोहोंची वाट तीं अडवितात. निरोप मंदावले कीं गोंधळहि मंदावतो. पण हिस्टामीन हेंच द्रव्य मनुष्यास जागें ठेवण्याचेंहि काम करीत असतें. तें अडविलें म्हणजे झोंप येणारच. गोळीनें येणारी गुंगी हा एखादा योगायोगाचा दोष नव्हे. ज्या क्रियेनें मळमळ थांबते, त्याच क्रियेची ती दुसरी बाजू आहे.

या औषधांचा इतिहासहि फौजांच्या बोटींशीं जोडलेला आहे. ६ जून १९४४ रोजीं दोस्त सैन्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलीं, त्या वेळीं ब्रिटिश शिपायांस हायोसीनच्या गोळ्या वांटण्यांत आल्या होत्या. हायोसीन हें धोत्र्याच्या जातींतील वनस्पतींत सांपडणारें द्रव्य. पुढें १९४७ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें एका बाईस अंगावर पित्त उठण्याच्या विकारासाठीं एक नवें औषध देण्यांत आलें. तिला ट्रामगाडी नेहमीं लागत असे. औषध घेतलेल्या दिवशीं ती लागली नाहीं, हें तिनें आपण होऊन डॉक्टरांस सांगितलें. तें औषध म्हणजे डायमेनहायड्रिनेट. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत एका फौजी बोटीवर त्याची परीक्षा झाली. कांहीं शिपायांस खरी गोळी आणि कांहींस तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देऊन गुण ताडून पाहिला गेला. त्यानंतर १९५५ सालीं बेल्जममध्यें सिनारिझीन निघालें. आज भारतांत प्रोमेथाझीन, सिनारिझीन, डायमेनहायड्रिनेट आणि मेक्लिझीन हीं औषधें या कामीं वापरलीं जातात. कांहीं गोळ्यांत दोन औषधें एकत्रहि असतात. म्हणून गोळीचें बाजारांतील नांव माहीत असणें पुरेसें नाहीं. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलें मूळ औषधाचें नांव वाचण्याची संवय प्रत्येक घरानें लावून घ्यावी.

आतां सावधगिरीचा पहिला नियम वेळेचा. मळमळ सुरू झाल्यावर जठराची हालचाल मंदावते. त्या वेळीं घेतलेली गोळी पोटांत तशीच पडून राहते किंवा ओकारीबरोबर बाहेर येते. म्हणून सिनारिझीन प्रवासापूर्वीं सुमारें दोन तास, मेक्लिझीन एक तास आणि डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधीं घ्यावयाचें असतें. प्रोमेथाझीन लांबच्या प्रवासासाठीं आदल्या रात्रीं झोंपतांना घेण्याची पद्धत आहे. देवळालीहून निघून इगतपुरी सोडल्यावर गोळी शोधणाऱ्यास घाट उतरेपर्यंत तिचा उपयोग होणार नाहीं. आणि गुण दिसत नाहीं म्हणून त्यानें दुसरी गोळी घेतली, तर ठाण्याला पोंचतांना दोन्हींचा अंमल एकदम चढेल.

दुसरा नियम वाहन चालविणाऱ्यासाठीं, आणि तो निरपवाद आहे. ही गोळी घेतलेल्या माणसानें मोटार, स्कूटर किंवा यंत्र चालवूं नये. झोंप आल्यासारखी वाटत नसली तरी हात व डोळे मंद झालेले असतात. आणि रात्रीं घेतलेल्या प्रोमेथाझीनची सुस्ती दुसऱ्या दिवशींहि उरूं शकते. औषधाच्या अंमलाखालीं, ताबा राहणार नाहीं अशा स्थितींत वाहन चालविणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें दारू पिऊन चालविण्यासारखाच गुन्हा आहे. चालविणाऱ्यास सहसा गाडी लागत नाहीं, कारण पुढचें वळण त्याला आधींच दिसतें. तेव्हां त्याला गोळीची गरजहि क्वचितच असते.

तिसरा नियम जोडीचा. या गोळीबरोबर मद्य मुळींच नको. झोंपेच्या, चिंतेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांस विचारल्यावांचून ही घेऊं नये. दोन्हींचा भार श्वासोच्छ्वासावरहि पडूं शकतो. सर्दीखोकल्याच्या पुष्कळशा गोळ्यांत आणि पातळ औषधांत याच कुळांतील द्रव्यें असतात. नाक वाहतें म्हणून एक आणि गाडी लागते म्हणून दुसरें असें करतां करतां एकाच प्रकारच्या औषधाची दुप्पट मात्रा नकळत पोटांत जाते. उलट, नांवांच्या साम्यानेंहि फसगत होते. पोटांत कळ आली असतां देतात तें हायोसीन ब्युटिलब्रोमाइड मेंदूपर्यंत फारसें पोंचत नाहीं. त्यामुळें गाडी लागण्यावर तें चालत नाहीं. ओकारीवर सर्रास दिलें जाणारें ऑन्डान्सेट्रॉनहि गाडी लागण्याच्या मळमळीवर निष्प्रभ ठरलें आहे.

चौथा नियम प्रकृतीचा. धोत्र्याची विषबाधा झालेल्या माणसाचें वर्णन जुन्या लोकांस ठाऊक असे: तोंड कोरडें, बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलें, लघवी अडलेली आणि बडबड सुरू. ॲसिटिलकोलीनची वाट अडविणाऱ्या औषधांत याच गोष्टींची सौम्य छटा असते. म्हणून ज्यांच्या डोळ्यांत कांचबिंदू आहे, विशेषतः डोळ्यांतील द्रवाची वाट अरुंद असलेला प्रकार आहे, त्यांचा डोळा एका गोळीनें एकाएकीं दुखूं लागण्याचा व दृष्टीस इजा होण्याचा संभव असतो. प्रोस्टेट ग्रंथि वाढलेल्या वृद्धाची लघवी अडकूं शकते. फेंफरें येणाऱ्यांनीं, तसेंच यकृताच्या किंवा हृदयाच्या विकाराच्या रोग्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. घाम कमी येत असल्यामुळें कडक उन्हाळ्यांतहि जपावें लागतें. हायोसीनची कानामागें लावण्याची पट्टी परदेशांत वापरतात. तिच्यामुळें शरीराचें तपमान धोकादायक रीतीनें वाढूं शकतें, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनें २०२५ सालीं दिला. ही पट्टी कोणी परदेशाहून आणलीच तर ती लावल्यावर हात साबणानें धुवावे. तो हात डोळ्यास लागला तर बाहुली मोठी होऊन दिसणें अस्पष्ट होतें.

पांचवा नियम मुलांचा. दोन वर्षांखालच्या बालकास गाडी क्वचितच लागते, आणि त्याला प्रोमेथाझीन तर कधींच देऊं नये. त्यानें श्वास मंदावून मृत्यु ओढवल्याचीं उदाहरणें झालीं, म्हणून अमेरिकेंत २००४ सालीं या औषधावर तसा ठळक इशारा छापणें भाग पडलें. मोठ्या मुलास द्यावयाचें तें त्याच्या वयावरून व वजनावरून डॉक्टरांनीं ठरवून दिलेल्या मात्रेइतकेंच; मोठ्यांची गोळी डोळ्यांच्या अंदाजानें मोडून देऊं नये. मूल प्रवासांत शांत झोंपावें एवढ्यासाठीं हें औषध देणें तर सर्वथा अयोग्य आहे. कांहीं मुलें त्यानें झोंपण्याऐवजीं उलट चिडचिडीं व बेफाम होतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं आपल्या डॉक्टरांच्या सांगण्यावांचून एकहि गोळी घेऊं नये. अंगावर पिणाऱ्या मुलासहि गुंगी येऊं शकते.

गाडी लागणें हा एका दिवसाचा त्रास आहे. भोंवळीची गोष्ट निराळी, आणि खरा अनर्थ तेथेंच दडलेला असतो. देवळालीसारख्या निवांत, मोकळ्या हवेच्या गांवीं उतारवयांत येऊन राहिलेलीं पुष्कळ कुटुंबें आहेत. समजा, अशाच एका घरांतील सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांस एके पहांटे कुशीवर वळतांच खोली गरगर फिरल्यासारखी वाटली. अर्ध्या मिनिटांत सर्व थांबलें. डॉक्टरांनीं आठ दिवसांची गोळी लिहून दिली. बरें वाटलें. मग तीच चिठ्ठी दाखवून पुढच्या महिन्याची गोळी आली, मग त्यापुढची. सहा-आठ महिन्यांनीं घरच्यांच्या लक्षांत येऊं लागतें कीं आजोबांचा हात थरथरतो, पाऊल घासत पडतें, चेहऱ्यावर पूर्वींसारखें हंसू उमटत नाहीं. वयोमान म्हणून कोणी बोलत नाहीं. शेवटीं कंपवाताचें निदान होतें, आणि एका गोळीच्या जोडीला दुसरी सुरू होते.

असें अनेक घरांत घडूं शकतें. सिनारिझीन, त्याचेंच भावंड फ्लुनारिझीन, आणि भोंवळीवर व ओकारीवर दिलें जाणारें प्रोक्लोरपेराझीन हीं मेंदूंतील डोपामीन या द्रव्याची वाट अडवितात. दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः वृद्धांत, त्यांनीं हुबेहुब कंपवातासारखी अवस्था उत्पन्न होते. औषध वेळीं ओळखून बंद केलें तर कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत ती बहुधा ओसरते. पण सर्वांची पूर्णपणें ओसरतेच असें नाहीं. ज्यांना कंपवात आधींच आहे त्यांचा विकार या औषधांनीं वाढतो. तरुण माणसांत व मुलांत प्रोक्लोरपेराझीननें एखादे वेळीं मान वांकडी होते, जीभ बाहेर ओढली जाते, डोळे वर चढतात. तें फेंफरें नव्हे, औषधाचा परिणाम होय. तत्काळ इस्पितळांत नेल्यास त्यावर इलाज आहे.

शिवाय त्या गृहस्थांस गोळीची दीर्घकाळ गरज होती काय, हाहि प्रश्न आहे. कूस बदलतांना क्षणभर येणारी भोंवळ बहुधा कानांतील त्या चुन्याचे कण जागा सोडून नलिकेंत शिरल्यामुळें येते. १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे रॉबर्ट बारानी यांनीं या विकाराचें वर्णन १९२१ सालीं केलें. १९५२ मध्यें डिक्स व हॉलपाइक यांनीं तो ओळखण्याची रीत निश्चित केली, आणि अमेरिकेंतील डॉक्टर एपली यांनीं १९९२ सालीं डोकें ठराविक क्रमानें फिरवून कण परत जागेवर आणण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तिला कांहीं मिनिटें पुरतात. वाट चुकलेले कण कोणतीहि गोळी जागेवर आणूं शकत नाहीं. ती फार तर त्यांची जाणीव बोथट करते. कानाच्या मज्जातंतूस सूज येऊन दिवसच्या दिवस चालणाऱ्या भोंवळींतहि गोळी पहिले दोन-तीन दिवस तीव्र ओकारी थांबविण्यापुरतीच इष्ट असते. त्यापुढें मेंदूनें नव्या परिस्थितीशीं जुळवून घेण्यास शिकावयाचें असतें, आणि गुंगीनें झांपड आणलेला मेंदू तें लौकर शिकत नाहीं.

मेनिएर नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८६१ सालीं जो विकार कानाशीं जोडून दाखविला, त्यांत भोंवळीबरोबर कानांत आवाज येतो व ऐकूं कमी येतें. त्यावर बीटाहिस्टीन हें औषध आपल्याकडे फार चालतें. तें वरील औषधांसारखी गुंगी आणीत नाहीं. मात्र दमेकऱ्यांनीं व जठरव्रण असलेल्यांनीं तें जपून, डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें. कित्येकांची भोंवळ तर कानाची नसतेच. रक्तदाबाच्या गोळीनें उठतांना दाब उतरतो, मधुमेहांत साखर उतरते, अंगांत रक्त कमी असतें. अशा वेळीं भोंवळीची गोळी मूळ कारण झांकून ठेवते, आणि वृद्धाचा तोल अधिकच बिघडवून रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर पाडते. खुब्याचें हाड मोडणें हें भोंवळीहून कितीतरी मोठें संकट आहे.

कांहीं भोंवळींत मात्र गोळी शोधण्यांत एक क्षणहि दवडूं नये. भोंवळीबरोबर बोलणें जड झालें, एकाचे दोन दिसूं लागले, तोंड वांकडें झालें, हात किंवा पाय लुळा पडला, पूर्वीं कधीं झाली नाहीं अशी तीव्र डोकेदुखी उठली, किंवा आधारावांचून उभेंच राहतां येईनासें झालें, तर तो मेंदूंतील रक्तप्रवाहाचा विकार असूं शकतो. एका कानाचें ऐकूं येणें एकाएकीं गेलें, तर तीहि तांतडीची गोष्ट समजावी. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. अशा रोग्यास झोंपेची गोळी देऊन निजविणें म्हणजे उपचाराची मोलाची घटका गमावणें होय.

ज्यांना केवळ गाडी लागते त्यांनीं औषधाआधीं साधे उपाय करून पाहावे. पुढच्या बैठकीवर बसावें, दूरच्या डोंगराच्या रेषेकडे नजर ठेवावी, मान टेंकून स्थिर ठेवावी, खिडकी थोडी उघडावी, वाचन व मोबाइल बंद ठेवावा. निघण्यापूर्वीं पोट रिकामेंहि नको आणि तेलकट पदार्थांनीं भरलेलेंहि नको. आगगाडींत गाडीच्या दिशेस तोंड करून व बोटींत मध्यभागीं बसावें. आलें चघळल्यानें कांहींस आराम पडतो. त्याविषयीं प्रयोगांचा कौल एकमुखी नाहीं, पण बेतानें घेतल्यास तें बहुतेकांस निरुपद्रवी आहे.

आणि गोळी घ्यावयाचीच झाली, तर डॉक्टरांस चार प्रश्न विचारावे: हिचें मूळ नांव काय, ही किती दिवस घ्यावयाची, चालू असलेल्या औषधांशीं हिचें जमेल काय, आणि ही बंद केव्हां करावयाची? यांतील शेवटचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. घरांत कोणी महिनेच्या महिने भोंवळीची गोळी घेत असेल, तर तिचें पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावें. स्वतःच्या मनानें औषध चालूहि ठेवूं नये आणि एकदम बंदहि करूं नये. पूर्वीं देवळालीच्या तळावर शिपाई बोटीची वाट पाहत खितपत पडत, कारण परतीचा दिवस त्यांच्या हातीं नव्हता. औषधाचा परतीचा दिवस मात्र पहिल्याच दिवशीं ठरवून घेणें प्रत्येकाच्या हातीं आहे.